दाढीच्या फेसामागचा रसायनशास्त्रज्ञ

दाढीच्या क्रीमच्या ट्यूबवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी छापलेली असते. पाणी, स्टिअरिक आम्ल, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ग्लिसरीन, खोबरेल तेलातील आम्ले, सेटिल अल्कोहोल, सुगंध. ही नावे वाचून अनेकांच्या मनात शंका येते. रोज सकाळी चेहऱ्यावर आम्ल चोळायचे? हायड्रॉक्साइड तर दाहक असते. अल्कोहोलने कातडी कोरडी पडणार नाही का? चेहऱ्यावर पुरळ उठले की सगळा राग या परक्या नावांवर निघतो आणि ‘केमिकल नसलेले’ क्रीम शोधले जाते.

या यादीतील स्टिअरिक आम्ल आणि सेटिल अल्कोहोल यांचा शोध, ग्लिसरीन हे नाव आणि साबण बनताना नेमके काय घडते याचा उलगडा, हे सारे एकाच माणसाचे काम आहे. त्यांचे नाव मिशेल यूजेन शेव्रल. ते १०२ वर्षे जगले आणि त्यातली ऐंशीहून अधिक वर्षे त्यांनी रसायनशास्त्रात घालवली.

आँजे ते पॅरिस

शेव्रल यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ रोजी पश्चिम फ्रान्समधील आँजे या गावी झाला. वडील डॉक्टर होते आणि वैद्यकीय विद्यालयात शिकवत. आई-वडील दोघेही नव्वदी ओलांडून जगले. मिशेल जेमतेम तीन वर्षांचा होत असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. पुढच्या धामधुमीत शाळा बंद पडल्या आणि त्याचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. कोवळ्या वयात त्याने गिलोटिनवर दिलेला देहदंडही पाहिला.

१८०३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो पॅरिसला आला आणि लुई निकोला व्होकलाँ यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. व्होकलाँ हे क्रोमियम या मूलद्रव्याचे संशोधक. एखाद्या पदार्थात काय काय आहे हे चिकाटीने वेगळे काढून दाखवणे ही त्यांची विद्या. तरुण शेव्रल यांनी ती आधी रंगांवर वापरली. कापड रंगवण्याच्या एका लाकडातून त्यांनी १८१० च्या सुमारास हिमॅटॉक्सिलिन हा पदार्थ वेगळा केला. आज कोणत्याही रुग्णालयात गाठीचा तुकडा तपासायला गेला की पेशींची केंद्रके जांभळी-निळी दिसावीत म्हणून जो रंग वापरतात, तो याच पदार्थापासून तयार होतो.

साबणातला मोती

साबण माणसाला हजारो वर्षांपासून माहीत आहे. चरबी किंवा तेल घ्यायचे, लाकडाच्या राखेतला क्षार त्यात घालून उकळायचे, की साबण तयार. पण उकळताना काय होते हे कुणाला ठाऊक नव्हते. चरबी हा एकसंध पदार्थ आहे आणि क्षार तिला नुसता जाऊन चिकटतो, असा साधारण समज होता.

१८११ मध्ये शेव्रल यांनी डुकराची चरबी आणि पोटॅश यांपासून केलेला मऊ साबण तपासायला घेतला. तो भरपूर पाण्यात विरघळवला तेव्हा त्यातून मोत्यासारखे चमकणारे बारीक स्फटिक खाली बसले. दुसऱ्या कुणी तो गाळ म्हणून ओतून दिला असता. शेव्रल यांनी तो गोळा केला आणि त्यावर आम्लाची प्रक्रिया केली. हाती आलेला पदार्थ दिसायला चरबीसारखा, स्पर्शाला चरबीसारखा, पण वागायला आम्लासारखा होता. चरबीच्या पोटात आम्ल असते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष त्या काळी नवा होता. ग्रीक भाषेत मोत्याला जो शब्द आहे, त्यावरून त्यांनी या पदार्थाला मार्गारिक आम्ल असे नाव दिले.

पुढची बारा वर्षे ते चरबीमागे लागले. गाय, मेंढी, बकरी, डुक्कर, डॉल्फिन, लोणी, माणसाची चरबी, असे जे मिळेल ते त्यांनी तपासले. प्रत्येक वेळी उत्तर एकच येई. क्षाराबरोबर उकळली की चरबी फुटते. तिच्यातली आम्ले क्षाराशी जोडली जातात, तोच साबण. आणि एक गोड, दाट द्रव मोकळा होतो. हा द्रव शेले या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञांनी आधीच ऑलिव्ह तेलातून मिळवला होता. शेव्रल यांनी त्याला गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ग्लिसरीन हे नाव दिले आणि तो चरबीचाच एक भाग आहे हे दाखवले.

ते प्रत्येक गोष्ट तोलत असत. फुटलेल्या चरबीतून मिळालेली आम्ले आणि ग्लिसरीन यांचे एकत्र वजन मूळ चरबीपेक्षा थोडे जास्त भरते, हे त्यांनी नोंदवले. हे जास्तीचे वजन पाण्याचे. चरबी फुटताना पाण्याचे घटक तिच्या तुकड्यांना येऊन मिळतात. आज वैद्यकाच्या पहिल्या वर्षात ट्रायग्लिसराइडचे जे चित्र शिकवतात, ग्लिसरीनच्या एका दांडीला लटकलेली तीन मेदाम्ले, त्या चित्राचा पाया या तराजूने घातला.

पदार्थ शुद्ध आहे की नाही हे ठरवायला त्यांनी एक साधी कसोटी वापरली. पदार्थ विरघळवायचा, पुन्हा स्फटिक पाडायचे, ते कोणत्या तापमानाला वितळतात ते पाहायचे आणि तो आकडा बदलायचा थांबेपर्यंत हेच करत राहायचे. अशा रीतीने त्यांनी स्टिअरिक, ओलिइक, ब्यूटिरिक, कॅप्रोइक अशी आम्ले एकामागून एक वेगळी केली. १८२३ मध्ये हे सारे काम त्यांच्या प्राणिज चरबीवरील ग्रंथात प्रसिद्ध झाले.

या कामात एक चूकही राहिली. ज्या मार्गारिक आम्लापासून सुरुवात झाली, ते एक आम्ल नव्हतेच. ते स्टिअरिक आणि पामिटिक या दोन आम्लांचे मिश्रण होते, हे पुढे हाइन्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८५० च्या दशकात दाखवले. तोवर नाव रूढ झाले होते. १८६९ मध्ये फ्रान्समध्ये लोण्याला पर्याय म्हणून तयार झालेल्या पदार्थाला त्यावरूनच मार्गारिन म्हटले गेले.

फेस टिकतो कशामुळे?

दाढीच्या क्रीमची रचना शेव्रल यांच्या या वर्गवारीवर उभी आहे. स्टिअरिक आम्ल साधारण ७० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ते घट्ट, मेणासारखे असते. ओलिइक आम्ल नेहमीच्या तापमानाला पातळ असते. अंगाच्या साबणाला चटकन येणारा, चटकन धुऊन जाणारा फेस चालतो. दाढीला मात्र काही मिनिटे गालावर उभा राहणारा, बारीक बुडबुड्यांचा दाट फेस लागतो. तो स्टिअरिक आम्लाच्या साबणाने मिळतो. फेस लवकर उठावा म्हणून त्यात खोबरेल तेलातली आम्ले घालतात. सोड्याचा साबण कडक होतो आणि पोटॅशचा मऊ, म्हणून क्रीममध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते. ते दाहक असते हे खरे, पण आम्लाशी संयोग होऊन त्याचा साबण झाला की ते त्या रूपात उरत नाही. उलट, काही स्टिअरिक आम्ल मुद्दाम शिल्लक राहील असे प्रमाण ठेवलेले असते. या शिल्लक आम्लाचे सूक्ष्म स्फटिक बनतात आणि त्यांच्यामुळे चांगल्या क्रीमला मोत्यासारखी झाक येते. १८११ मध्ये शेव्रल यांच्या भांड्याच्या तळाशी जी चमक दिसली, तिच्याच जातकुळीतली ही चमक.

ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, त्यामुळे फेस गालावर वाळत नाही. सेटिल अल्कोहोल हे शेव्रल यांनी १८१७ मध्ये व्हेल माशाच्या डोक्यातील मेणापासून मिळवले होते. आज ते बहुधा वनस्पती तेलांपासून बनवतात. नावात अल्कोहोल असले तरी तो पांढरा, मेणचट, घन पदार्थ आहे. तो कातडी कोरडी करत नाही, तिला मऊपणा देतो. दाढीनंतर लावायच्या लोशनमधले झोंबणारे अल्कोहोल वेगळे.

मेणबत्ती, पित्ताचा खडा आणि मधुमेह

शेव्रल यांच्या शोधाचा पहिला मोठा उपयोग दाढीसाठी नव्हे, दिव्यासाठी झाला. त्या काळी सामान्य माणसाच्या घरात चरबीची मेणबत्ती जळे. ती धूर करी, दुर्गंध सोडी आणि उन्हाळ्यात वाकून जाई. चरबीतले घट्ट आम्ल वेगळे काढून त्याची मेणबत्ती केली तर ती स्वच्छ जळेल, हे ओळखून शेव्रल आणि गे-ल्युसाक यांनी १८२५ मध्ये पेटंट घेतले. दोघे मोठे शास्त्रज्ञ, पण धंदा त्यांना जमला नाही. काही वर्षांनी द मिली या उद्योजकाने चुना वापरून ही आम्ले स्वस्तात वेगळी केली, तेव्हा त्या मेणबत्त्या घरोघर गेल्या.

चुन्याचे हेच रसायन बोअरवेलच्या जड पाण्याने दाढी करणाऱ्यांना छळते. पाण्यातले कॅल्शियम साबणातल्या स्टिअरिक आम्लाला पकडते, न विरघळणारा चुन्याचा साबण तयार होतो आणि फेसाऐवजी पांढरट साका हाती येतो. अशा वेळी अनेकांना क्रीम भेसळीचे वाटते. दोष बहुधा पाण्याचा असतो.

वैद्यकशास्त्राला शेव्रल यांनी दोन गोष्टी दिल्या. पित्ताशयातील खड्यांमध्ये सापडणारा एक पांढरा, चरबीसारखा पदार्थ क्षाराबरोबर कितीही उकळला तरी त्याचा साबण होत नाही, हे त्यांनी दाखवले. म्हणजे तो नेहमीची चरबी नव्हे. पित्त आणि घन या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून १८१६ च्या सुमारास त्यांनी त्याला कोलेस्टेरिन म्हटले. आजचे कोलेस्टेरॉल ते हेच. त्याआधी, १८१५ मध्ये, मधुमेही रुग्णाच्या लघवीतली साखर ही द्राक्षातल्या साखरेसारखीच असते हेही त्यांनी सिद्ध केले. रक्त-लघवीच्या तपासणीच्या कागदावर आज ग्लुकोज आणि कोलेस्टेरॉल या दोन ओळी शेजारी असतात. त्या दोन्हींच्या इतिहासात हा माणूस आहे.

डोळ्यांचा आणि हाताचा भास

१८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलाँ या सरकारी गालिचा कारखान्यात रंगखात्याचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. तिथे तक्रार होती की काळा रंग फिका उतरतो. शेव्रल यांनी रंग तपासला. त्यात दोष नव्हता. काळ्या धाग्याशेजारी निळे-जांभळे धागे विणले की डोळ्यालाच काळा फिका दिसतो, असे त्यांच्या लक्षात आले. शेजारच्या रंगांमुळे रंग कसे बदललेले भासतात यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. पुढे सरा यांच्यासारख्या चित्रकारांनी त्याचा उपयोग केला.

भासांचा दुसरा अभ्यास त्यांनी स्वतःच्या हातावर केला. दोऱ्याला टांगलेले वजन काही पदार्थांवर धरले की आपोआप झुलू लागते आणि त्यातून गुप्त शक्ती कळते, अशी त्या काळी हवा होती. शेव्रल यांनी पाऱ्यावर लंबक धरला. तो झुलला. मध्ये काच धरली, तर थांबला. इथे थांबले असते तर तेही त्या शक्तीवर विश्वास ठेवून मोकळे झाले असते. पण त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली आणि काच केव्हा ठेवली जाते हे स्वतःला कळू दिले नाही. मग काचेचा काहीच परिणाम होईना. लंबक हलत होता तो मनातल्या अपेक्षेने हाताच्या स्नायूंत होणाऱ्या नकळत हालचालींमुळे. हे त्यांनी १८३३ मध्ये जाहीर पत्राद्वारे मांडले. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासून आज लपवतात, त्यामागे हीच सावधगिरी आहे.

शंभरी

१८२६ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. पत्नी सोफी १८६२ मध्ये वारली. त्यानंतर ते पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे संचालक होते आणि बराच काळ तिथेच राहत. १८७०-७१ च्या हिवाळ्यात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. जानेवारी १८७१ मध्ये तोफगोळे संग्रहालयाच्या बागेत आणि इमारतींवर पडले. चौऱ्याऐंशी वर्षांचे शेव्रल तिथून हलले नाहीत. विज्ञानाच्या वास्तूवरील या माऱ्याचा त्यांनी जाहीर निषेध नोंदवला. १८७९ मध्ये ते संचालकपदावरून उतरले, पण काम थांबले नाही. ते स्वतःला फ्रान्समधील सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थी म्हणवून घेत.

३१ ऑगस्ट १८८६ रोजी त्यांची शंभरी पॅरिसने सार्वजनिक सणासारखी साजरी केली. त्या निमित्ताने नादार या प्रसिद्ध छायाचित्रकाराने त्यांची मुलाखत घेतली आणि बोलत असताना मुलगा पॉल याने छायाचित्रे टिपली. संभाषणासह छापलेली ही छायाचित्रे म्हणजे जगातली पहिली छायाचित्र-मुलाखत मानली जाते. विस्कटलेले पांढरे केस, बोलक्या हातवाऱ्यांत रंगलेले शंभर वर्षांचे गृहस्थ त्यांत दिसतात. दाढीमिश्या राखणाऱ्या विद्वानांच्या त्या युगात त्यांची हनुवटी मात्र स्वच्छ तासलेली आहे.

९ एप्रिल १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. आयफेल टॉवर नुकताच उभा राहिला होता. त्याच्या पहिल्या मजल्याखाली फ्रान्सच्या ज्या ७२ शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावे कोरली आहेत, त्यांत शेव्रल हे नाव आहे.

ट्यूबवरची यादी वाचताना

शेव्रल यांची पद्धत न्हाणीघरातल्या आरशासमोरही उपयोगी पडते. यादीत ज्याचे प्रमाण जास्त, तो घटक साधारणपणे आधी लिहितात. पहिली चार-पाच नावे पाणी, मेदाम्ले, क्षार आणि ग्लिसरीन अशी असतील तर तो साबणाधारित क्रीमचा नेहमीचा सांगाडा आहे. त्यात भिण्यासारखे काही नाही. कोणताही साबण मात्र अल्कलीधर्मी असतो आणि कातडी किंचित आम्लधर्मी. निरोगी कातडी हा फरक काही वेळात भरून काढते. ज्यांना इसब आहे किंवा कातडी फार कोरडी आहे, त्यांना तो जाचतो. सोडियम लॉरिल सल्फेट यादीत असेल तर अशा कातडीला जास्त चुरचुरते.

ॲलर्जीचा पहिला संशय घ्यायचा तो यादीच्या शेपटाकडे असलेल्या सुगंधावर आणि टिकाऊपणासाठी घातलेल्या द्रव्यांवर. नैसर्गिक सुगंधी तेलेही याला अपवाद नाहीत. चंदन, लिंबू किंवा लव्हेंडर यांच्या तेलांनीही ॲलर्जी होऊ शकते. मेन्थॉलने गार वाटते, कारण ते कातडीतील थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवते. त्याने कातडीचे तापमान उतरत नाही आणि जखमही भरत नाही.

अनेकदा दोष क्रीमचा नसतोच. कोमट पाण्याने दाढी भिजवून, फेस दोन-तीन मिनिटे ठेवला तर पाणी शोषून केस मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. घाईने, बोथट पात्याने, केसांच्या उलट दिशेने ओढले तर कितीही महाग क्रीम असले तरी पुटकुळ्या येतात. कुरळ्या केसांची टोके परत कातडीत शिरतात, त्यावर क्रीम बदलून उपयोग नाही. सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते हवे. सर्वांच्या गालावरून फिरणारा तुरटीचा एकच खडा टाळावा, कारण कापलेल्या जागी तो रक्ताला लागतो.

पुरळ उठले तर क्रीम, पाते, लोशन आणि पाणी एकाच दिवशी बदलू नये. मग कशाने फरक पडला ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी बिनसुगंधी क्रीम घ्यावे, काही आठवडे पाहावे, मग पुढची. तरीही त्रास राहिला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करता येते. दोष कोणत्या घटकाचा हे तिच्यात नावानिशी कळते, आणि ते नाव पुढच्या ट्यूबवर शोधता येते.